डबाबंद ट्यूनाची घाऊक खरेदी : कॉस्टकोच्या आठ कॅनच्या खोक्याचा हिशेब

न्यू जर्सीतील एडिसनच्या कॉस्टकोमधून, म्हणजे सदस्यांनाच माल विकणाऱ्या घाऊक दुकानातून, ‘कर्कलँड सिग्नेचर सॉलिड व्हाइट अल्बाकोर’ या ट्यूनाचे खोके आमच्या घरी गेली चार वर्षे नियमाने येत आहे. कर्कलँड हे कॉस्टकोचे स्वतःच्या मालाचे नाव आणि अल्बाकोर ही ट्यूनाची एक जात. खोक्यात सात औंसांचे, म्हणजे 198 ग्रॅमचे, आठ कॅन असतात. मासा तेलात नव्हे तर पाण्यात भरलेला असतो, आणि आमच्या अलीकडच्या पावत्यांवर एका खोक्याची किंमत अठरा डॉलरच्या आसपास आहे. घाऊक घेतलेला ट्यूना खरोखर स्वस्त पडतो का, असे ओळखीची मराठी मंडळी वरचेवर विचारतात. या प्रश्नाचे उत्तर ‘पडतो, पण लोक समजतात तितका नाही, आणि समजतात त्या कारणाने तर नाहीच’ असे असल्यामुळे ते जरा सविस्तर लिहितो.

कॅनवर मोठ्या अक्षरांत छापलेले वजन मासा आणि पाणी या दोहोंचे मिळून असते. पाणी काढल्यावर उरते ते निथळलेले वजन, आणि पोटात जाते ते तेवढेच. अमेरिकी सुपरमार्केटमध्ये सर्वत्र दिसणारा कॅन पाच औंसांचा, म्हणजे 142 ग्रॅमचा असतो. त्यात निथळलेला मासा साधारणपणे चार औंस, म्हणजे 113 ग्रॅम, असे लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेले आढळते. हाच कॅन पूर्वी सहा औंसांचा होता. तो पाच औंसांवर आला तरी फडताळावरून पाहणाऱ्याला फरक जाणवत नाही, त्यामुळे ‘एका कॅनला इतके’ अशी तुलना करणारा गिऱ्हाईक हमखास फसतो. सात औंसांच्या कॅनची किंमत पाच औंसांच्या कॅनशेजारी ठेवली तर घाऊक खोके महाग वाटते, आणि दोन्ही कॅन सारखेच मानले तर कोणताही निष्कर्ष चुकतो.

म्हणून एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरातला वजनकाटा, तारेची गाळणी आणि तीन प्रकारचे प्रत्येकी तीन कॅन घेऊन बसलो. प्रत्येक कॅन उघडून मासा गाळणीत उलटा केला, दोन मिनिटे तसाच राहू दिला, न दाबता काट्यावर ठेवला आणि आकडा झाकणावरच मार्करने लिहिला. कर्कलँडच्या तिन्ही कॅनमध्ये दीडशे ग्रॅमच्या दोन-तीन ग्रॅम इकडेतिकडे मासा निघाला. मासा काढताना कॅनच्या गोल आकाराची अखंड वडी हातात येते, आणि बोटाने दाबली की तिचे जाड, लांबट, फिकट गुलाबीसर पापुद्रे सुटतात. जवळच्या सुपरमार्केटमधला पाच औंसांचा सॉलिड अल्बाकोर लेबलला धरून उतरला. तिसरा, सर्वांत स्वस्त, ‘चंक लाइट’ प्रकारातला, म्हणजे दुसऱ्या जातीच्या ट्यूनाच्या लहान तुकड्यांचा कॅन मात्र 108, 101 आणि 96 ग्रॅम भरला. शेवटच्या कॅनमधून तर भिजवलेल्या पोह्यांसारखा चुराच गाळणीत पडला. मापात पाप म्हणावे की यंत्राची चूक, हे तीन कॅनवरून ठरवणे योग्य होणार नाही, म्हणून त्या कंपनीचे नाव लिहीत नाही. मात्र कॅनमध्ये मासा कमी भरण्याचा आरोप या धंद्याला नवा नाही. पाच औंसांच्या कॅनमध्ये मासा कमी भरल्याच्या दाव्यात स्टारकिस्ट कंपनीने 2015 मध्ये चूक मान्य न करता, रोख आणि कूपने मिळून सुमारे एक कोटी वीस लाख डॉलरची तडजोड केली होती.

आता हिशेब. अठरा डॉलरला आठ कॅन म्हणजे एक कॅन सव्वादोन डॉलरला पडला. दीडशे ग्रॅम मासा धरला तर शंभर ग्रॅमला दीड डॉलर. सुपरमार्केटमधला त्याच जातीचा पाच औंसांचा कॅन आमच्याकडे दोन डॉलरला मिळतो. त्याचे 113 ग्रॅम धरल्यास शंभर ग्रॅमला एक डॉलर सत्त्याहत्तर सेंट होतात. स्वस्त चंक लाइटचा कॅन एक डॉलर दहा सेंटला होता. लेबल खरे मानले तर शंभर ग्रॅमला सत्त्याण्णव सेंट आणि माझा काटा खरा मानला तर एक डॉलर आठ सेंट. न्यू जर्सीत अशा किराणा मालावर विक्रीकर नसल्यामुळे पावतीवर आणखी काही वाढत नाही. थोडक्यात, सारख्याला सारखे लावून पाहिले तर कॉस्टकोचे खोके सुमारे पंधरा टक्क्यांनी स्वस्त आहे. चंक लाइटशी त्याची तुलना करणे म्हणजे सुरमईचा भाव बांगड्याला लावण्यासारखे आहे.

हे पंधरा टक्के ऐकून कोणी सदस्यत्व घ्यायला धावणार असेल तर त्याने क्षणभर थांबावे. कॉस्टकोचे साधे सदस्यत्व सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 65 डॉलर झाले आहे. आठवड्याला एक कॅन या वेगाने वर्षाला पावणेआठ किलोच्या आसपास मासा लागतो, आणि शंभर ग्रॅममागे सत्तावीस सेंट वाचले तर वर्षाची बचत एकवीस डॉलर होते. म्हणजे ज्याला कॉस्टकोतून फक्त ट्यूनाच घ्यायचा आहे, त्याला चव्वेचाळीस डॉलरचा तोटा आहे. आमच्याकडे दूध, तेल, बदाम, टिश्यू पेपर असे बरेच काही तिथून येते म्हणून सदस्यत्व परवडते आणि ट्यूना त्याच गाडीत येऊन बसतो. एकट्या राहणाऱ्या विद्यार्थ्याने सदस्य असलेल्या एखाद्या काकूंबरोबर जाऊन एक खोके आणावे. काकूंच्या घरी चहाही होतो.

स्वस्तात घेण्याची दुसरी, आणि माझ्या मते बिनसदस्यांसाठी अधिक चांगली वाट म्हणजे लेंटचा काळ. ईस्टरपूर्वीच्या या उपवासाच्या दिवसांत, विशेषतः शुक्रवारी, अनेक ख्रिस्ती कुटुंबे मांस वर्ज्य करतात परंतु मासे खातात. आपल्याकडे श्रावणात मासळी बाजार थंडावतो, तर इथे या दिवसांत माशाला उठाव येतो आणि गिऱ्हाईक खेचून घेण्यासाठी दुकाने कॅनवर घसघशीत सवलत लावतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुपरमार्केटच्या जाहिरातपत्रकांवर नजर ठेवली तर पाच औंसांचा चंक लाइट डॉलरच्या आत मिळून जातो. चांगल्या प्रतीचा अल्बाकोर त्या यादीत क्वचित असतो, पण कधी आलाच तर तो कॉस्टकोलाही मागे टाकतो. अशा सवलतीत बहुधा ‘एका गिऱ्हाइकाला इतकेच’ अशी मर्यादा असते, ती आधी वाचून घ्यावी, म्हणजे गल्ल्यावर वाद होत नाहीत.

सॉलिड, चंक, व्हाइट, लाइट हे शब्द जाहिरातीसाठी वापरलेले नाहीत. अमेरिकी नियमांत त्यांना अर्थ आहे. ‘व्हाइट’ हा शब्द केवळ अल्बाकोर जातीसाठी वापरता येतो. ‘लाइट’मध्ये बहुतेक वेळा स्किपजॅक ही ट्यूनाची दुसरी जात असते, कधी यलोफिन. ‘सॉलिड’ म्हणजे मोठे अखंड तुकडे, ‘चंक’ म्हणजे लहान तुकडे, आणि त्याखाली चुऱ्याची प्रत येते. इथले बहुसंख्य कॅन पाण्यात भरलेले का असतात, यामागे जकातीचेही कारण आहे. तेलात भरलेल्या आयात ट्यूनावर अमेरिकेची मूळ जकात 35 टक्के आहे, तर पाण्यातल्यावर ती ठरावीक कोट्यापर्यंत 6 टक्के आणि त्यापुढे 12.5 टक्के आहे. त्यामुळे तेलातला कॅन घाऊक भावातही स्वस्त होत नाही. ज्यांना ऑलिव्ह तेलातल्या ट्यूनाची चव हवी आहे त्यांनी तो हौस म्हणून एकेक घ्यावा. मसाल्यात घालायचा असेल तर आपण तेल आपल्याच कढईत घालतो, त्यासाठी वेगळे पैसे मोजण्यात अर्थ नाही.

घाऊक भावाचा विषय निघाला आहे तर दुकानाच्या नावाचा माल घेण्याचे माझे एक जुने कारणही सांगतो. अमेरिकेतील ट्यूनाच्या तीन मोठ्या नावांपैकी बम्बल बी आणि स्टारकिस्ट या दोन कंपन्यांनी संगनमताने किमती ठरवल्याचा गुन्हा कबूल केला आहे. बम्बल बीला 2017 मध्ये अडीच कोटी डॉलरचा, तर स्टारकिस्टला 2019 मध्ये दहा कोटी डॉलरचा दंड झाला. बम्बल बीचे माजी प्रमुख ख्रिस्तोफर लिशेव्स्की यांना 2020 मध्ये चाळीस महिन्यांची कैद सुनावली गेली. तिसऱ्या, चिकन ऑफ द सी या कंपनीने तपास यंत्रणेला सहकार्य केल्यामुळे तिच्यावर फौजदारी खटला झाला नाही. तीन ब्रँडच्या किमती शेजारी ठेवून ‘हाच स्वस्त’ असे आम्ही वर्षानुवर्षे ठरवत होतो, तेव्हा ती तुलनाच पोकळ होती. तेव्हापासून दुकानाच्या नावाचा कॅन मी प्रत्येक वेळी हिशेबात धरतो. असा माल बऱ्याचदा मोठ्या कारखान्यांतूनच भरून येतो, याची मला कल्पना आहे.

चवीविषयी. अल्बाकोरचा मासा घट्ट असतो, वास मंद असतो आणि मीठ बेताचे असते. पाणी काढून एकदा साध्या पाण्याखाली हलकेच धुतला तर खारटपणा आणखी कमी होतो. माझ्या सासूबाई मालवणच्या. पहिल्यांदा आल्या तेव्हा हा पांढुरका मासा ताटलीत पाहून त्यांनी विचारले, “ह्यो कुपो? मगे ह्येचा रगात खंय गेला?” प्रश्न अगदी बरोबर होता. बंदरावर मिळणारा ताजा कुपा, म्हणजे ट्यूनाच, कापला की लालभडक निघतो, आणि त्याच्या मध्यभागी काळपट मांसाचा पट्टा असतो. कारखान्यात मासा आधी वाफेवर शिजवतात, मग कामगार हाताने कातडी, काटे आणि तो काळा भाग काढून टाकतात, उरलेले मांस कॅनमध्ये भरून झाकण लावतात आणि बंद कॅन पुन्हा दाबाखाली उच्च उष्णतेवर शिजवतात. म्हणजे आपल्या हाती येईपर्यंत मासा दोनदा शिजलेला असतो. हे लक्षात न घेता तो कच्च्या माशासारखा रटरट उकळला की चोथा होतो, आणि मग लोक कॅनला नावे ठेवतात.

सासूबाईंनीच नंतर रीत बसवली. कांदा तेलावर चांगला लाल करायचा, त्यात हळद, मालवणी मसाला, चार आमसुले आणि मूठभर ओले खोबरे परतायचे, आच बंद करायची आणि मग निथळलेला मासा पापुद्रे न मोडता वरून घालून झाकण ठेवायचे. पाच मिनिटांत सुके तयार होते आणि तांदळाच्या भाकरीबरोबर उत्तम लागते. यासाठी सॉलिड अल्बाकोरच हवा. कटलेटसाठी मात्र तो वापरणे उधळपट्टी आहे. उकडलेल्या बटाट्यात चंक लाइट कुस्करून, आले-मिरची घालून, रव्यात घोळवून तव्यावर भाजला की फरक कोणाला कळत नाही. आंबट तिखटाच्या पातळ कालवणात दोन्ही प्रकार निराश करतात, हेही नमूद केले पाहिजे. काटा आणि कातडी नसल्यामुळे रश्श्याला अंग येत नाही.

आता या खरेदीतली खरी मर्यादा. कॅन तीन-चार वर्षे टिकतो, त्यामुळे माणसाला वाटते की पन्नास घेऊन ठेवावेत. पण किती घ्यावेत हे तारखेपेक्षा माशातल्या पाऱ्यावर ठरवावे लागते. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाच्या तपासण्यांत डबाबंद अल्बाकोरमध्ये पाऱ्याचे सरासरी प्रमाण दशलक्ष भागांत 0.35, तर डबाबंद लाइटमध्ये 0.126 आढळले आहे, म्हणजे जवळजवळ तिप्पट. अल्बाकोर मोठा होतो, जास्त वर्षे जगतो आणि इतर मासे खातो, म्हणून पारा त्याच्या मांसात साठत जातो. स्किपजॅक लहान आणि अल्पायुषी असतो. याच प्रशासनाच्या सल्ल्यानुसार गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांनी अल्बाकोर आठवड्याला चार औंसांचा एकच वाटा घ्यावा आणि त्या आठवड्यात दुसरा मासा घेऊ नये. लाइट मात्र आठवड्याला दोन ते तीन वाटे चालतो. मुलांसाठी वाटाच लहान धरला आहे, आठ ते दहा वर्षांच्या मुलाला तीन औंस, आणि तोही कमी पाऱ्याच्या माशांतून. आमची मुलगी नऊ वर्षांची आहे. शाळेच्या डब्यात तिला ट्यूनाचे सँडविच रोज हवे असते आणि आठवड्यातून दोनदाच मिळते, तेही लाइटचे. या कारणाने आमच्याकडे कर्कलँडची एका वेळी दोनच खोकी येतात. सोळा कॅन, आठवड्याला एक या दराने, चार महिने पुरतात. व्यायामशाळेत जाणारे तरुण प्रथिनांसाठी दिवसाला एक-दोन कॅन अल्बाकोर संपवतात, त्यांनी घाऊक खोके उचलण्याआधी हे आकडे जरूर पाहावेत.

घाऊक खरेदीत दोनदा मनस्ताप झाला, तोही सांगायला हवा. पहिल्यांदा एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चंक लाइटचे अठ्ठेचाळीस कॅनचे खोके मागवले. किमतीचा मोह होता. खोके पावसात भिजून, एका कोपऱ्यावर चेपून दारात आले, आणि आतल्या सात कॅनना पोचे पडलेले होते. सपाट, उथळ पोचा असेल तर कॅन वापरता येतो. पण झाकणाच्या कडेवर किंवा बाजूच्या जोडावर धारदार पोचा असेल, बोट आत बसेल इतका खोल असेल, किंवा कॅन फुगला असेल, तर तो न उघडता टाकून द्यावा, कारण जोड सैल होऊन आत शिरलेल्या जिवाणूंचे विष वासावरून ओळखता येतेच असे नाही. माझे चार कॅन कचऱ्यात गेले. विक्रेत्याने फोटो मागितले, ते पाठवले, आणि सहाव्या दिवशी तीन डॉलरचे कूपन आले. तेव्हा शंभर ग्रॅमचा जो भाव काढला होता तो, कूपन न धरता, सुमारे नऊ टक्क्यांनी वर गेला आणि दुकानात उभे राहून हाताने निवडलेला कॅन त्याच्यापुढे स्वस्त ठरला.

दुसऱ्यांदा दोष कोणाचाच नव्हता. एका कॅनमध्ये माशाच्या पापुद्र्यांत काचेसारखे दोन पारदर्शक कण लागले. मुलीच्या ताटात असते तर, या विचाराने हातपाय गार पडले. नंतर कळले की डबाबंद माशात असे कण आपोआप तयार होऊ शकतात. मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेट यांच्या त्या स्फटिकाला स्ट्रुव्हाइट म्हणतात आणि तो अपायकारक नसतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. कोमट व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या रसात कण टाकून ठेवावा. स्ट्रुव्हाइट हळूहळू विरघळतो, काच विरघळत नाही. आमचे दोन्ही कण वाटीत विरघळून गेले. न विरघळता राहिले असते तर कॅन जपून ठेवून तक्रार करणे भाग होते.

साठवणीचे एकच पथ्य आवर्जून सांगतो. खोके फोडून कॅन कपाटात मोकळे ठेवले तरी पुठ्ठ्यावरचा क्रमांक आणि तारीख कापून त्याच फळीवर चिकटवावी. फेब्रुवारी 2025 मध्ये ट्राय-युनियन सीफूड्स या कंपनीने जेनोव्हा, व्हॅन कॅम्प्स, ट्रेडर जोज आणि एच-ई-बी या नावांनी विकलेले काही कॅन परत मागवले होते. ओढून उघडायच्या झाकणात उत्पादनदोष असल्यामुळे हवाबंदपणा जाऊन बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूंचा धोका संभवत होता. कॅनच्या तळावर छापलेल्या क्रमांकावरूनच आपला कॅन त्यात आहे की नाही हे ओळखता येत होते. एखाददुसरा कॅन आणणाऱ्याचे दोन मिनिटांत भागते. ज्याच्या कपाटात तीस कॅन तीन वेगवेगळ्या खेपांचे आहेत त्याची संध्याकाळ जाते. आम्ही त्या वेळी जमिनीवर मांडी घालून एकेक कॅन उलटा केला, आणि आमचा एकही त्यात नव्हता.

एका वाक्यात सांगायचे तर कर्कलँडच्या या खोक्याला मी पाचपैकी चार गुण देतो. मासा भरपूर आणि अखंड आहे, तिन्ही कॅनचे वजन एकसारखे निघाले, आणि कॉस्टकोत माल पसंत न पडल्यास परत घेताना फारशी खळखळ होत नाही. उरलेला एक गुण दोन कारणांनी कापला. सात औंसांचा कॅन लहान घराला एका वेळी जास्त होतो. उरलेला मासा काचेच्या डब्यात काढून फ्रीजमध्ये ठेवला तरी तीन दिवसांत संपवावा लागतो, आणि तिसऱ्या दिवशी तो कोणाला नको असतो. आणि याच आकारात, याच काळजीने भरलेला स्किपजॅक आमच्या कॉस्टकोत मला अजून मिळालेला नाही. तो मिळाला तर अल्बाकोरचे खोके मी दोनावरून एकावर आणीन.

सध्या फळीवर अकरा अल्बाकोर आणि लेंटच्या सवलतीतले नऊ लाइट आहेत. सासूबाई जूनमध्ये येणार आहेत आणि येताना आमसुले आणतील, म्हणून पुढची खेप मेच्या अखेरीस.